चाळीस वर्षांचा कागद

त्या बाईला सर्दी झाली होती, एवढंच तिचं चुकलं. सर्दी झालेलं माणूस शब्द तोलून बोलत नाही. कधी एकदा वाक्य संपतं आणि रुमाल नाकाला लावतो असं त्याला झालेलं असतं. बँकेत मुदतठेवींच्या टेबलावर ती नवीनच बदलून आली होती आणि आम्ही तिघं तिच्यासमोर नेहमीच्या क्रमाने बसलो होतो: मी, मुकादम आणि मुकादमची आई. मुकादम म्हणजे आमची मुलगी. तिच्या नावावरची ठेव दर वर्षी संपते आणि दर वर्षी आम्ही तिघं इस्त्रीचे कपडे घालून जातो नि ती पुन्हा एका वर्षासाठी ठेवून येतो. बाईने पावती बघितली, तिच्या मागची बघितली, त्याच्याही मागची बघितली, आणि म्हणाली की एका वर्षाला आता काही व्याजच उरलेलं नाही. पैसे जर या ताईंसाठीच असतील, त्यांना जन्मभर पुरायचे असतील, तर तुम्ही सरकारचे लांब मुदतीचे रोखे का घेत नाही? एकदा घेतले की व्याज बांधलेलं, सरकार दर सहा महिन्यांनी घरपोच देत राहतं, मुदत संपली की मुद्दल परत. मग तिने मुकादमला वय विचारलं. मुकादमने सांगितलं, अडतीस. "मग चाळीस वर्षांचेच घ्या ना, काका," असं म्हणून ती शिंकली. मुकादम तिला म्हणाली, "तोंड झाक."

मी घाबरणारा माणूस नाही. आमच्या गोदामाचं पत्र्याचं छप्पर वाऱ्याने उडालं तेव्हा मी खाली बसून डबा खात होतो आणि वर आभाळ दिसायला लागलं तसा फक्त डब्यावर झाकण ठेवलं, हे तिथला कुठलाही हमाल सांगेल; न सांगणारे आता हयात नाहीत. पण त्या दिवशी बँकेतली माझी खुर्ची हलली. अडतीस आणि चाळीस. ही बेरीज आमच्या घरात कुणी कधी केली नव्हती. आणि या बाईने ती दोन शिंकांच्या मधे केली, पिशवी आणलीय का असं विचारावं इतक्या सहज. मी बायकोकडे बघितलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं नाही. आम्ही दोघंही मुकादमकडे बघत होतो आणि मुकादम बाईच्या टेबलावरचे टाचण्यांचे डबे सरळ रांगेत लावत होती. मी म्हणालो, विचार करून सांगतो. ठेव पुन्हा एका वर्षासाठी ठेवली तर मोडता येईल का, असं बायकोने विचारलं. येईल, बाई म्हणाली. बायकोने हा प्रश्न आजपर्यंत कधी विचारला नव्हता.

मुकादम जन्मली तेव्हाचे डॉक्टर मोठे चांगले गृहस्थ होते. बोलताना ते खिडकीबाहेर बघत. अशी मुलं सगळं सावकाश शिकतात आणि त्यांचं हृदय नाजूक असतं, ते म्हणाले, फार पुढचं बघू नका, एकेक वर्ष धरून चला. डॉक्टर लोक जाता जाता काही बोलतात आणि विसरून जातात. आम्ही ते वाक्य घरी आणलं आणि त्याच्यावरच संसार मांडला. घर भाड्याने घेतलं ते वर्षाच्या कराराने. तिचे कपडे वर्षभराच्या मापाचे; वाढत्या अंगाचे म्हणून एक बोटही सैल नाही. इस्त्री घ्यायला गेलो तेव्हा दुकानदार तेवढ्याच पैशांत पाच वर्षांची हमी असलेली देत होता, मी वाद घालून एका वर्षाची घेतली. त्याने मला पाणी दिलं आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. पाच वर्षांचं काही घरात आणलं तर कुणाचं तरी लक्ष जाईल, असं काहीसं वाटायचं. कुणाचं, ते विचारू नका. ती इस्त्री अजून चालते, आणि तसं बघितलं तर मुकादमही. शाळेचं पहिलं वर्ष, दात पडायचं वर्ष, हृदयाच्या शस्त्रक्रियेचं वर्ष, शिट्टी वाजवायला शिकली ते वर्ष. आम्ही वर्षं अशी घेतली, जशी माणसं उधारीच्या दुकानातून साखर आणतात, लागेल तेवढीच, आणि दुकानदाराच्या तोंडाकडे न बघता. पुढच्या वर्षी बघू, हे शब्द आमच्या घरात कुणी टाळाटाळ म्हणून वापरत नाही. ते आमच्याकडे मोठ्या जेवणानंतरच्या ढेकरासारखे येतात.

घरी येताना बायको म्हणाली, "त्या बाईचं बोलणं मला आवडलं." मी म्हणालो, तिला काय कळतंय, नवीन आहे. बायको म्हणाली, म्हणूनच आवडलं. मग चौकात सिग्नलला थांबल्यावर म्हणाली की घेऊन टाकू या. मी म्हणालो, घेऊ की, पण वेळ बघून. आणि इथून माझी खरी मौज सुरू झाली.

कारण वेळ बघणं हा माझा धंदा होता. मी जन्मभर केळी पिकवली. शेतात नव्हे, शेतात ती नुसती मोठी होतात. केळं येतं ते हिरवं, लाकडासारखं कडक, कुणाच्या डोक्यात घातलं तर टेंगूळ येईल असं. त्याला थंड खोलीत बंद करायचं, मोजका वायू द्यायचा, आणि दार केव्हा उघडायचं ते ठरवायचं. आधी उघडलं तर तुरट, उशीर झाला तर बाजारात जाईपर्यंत ठिपके. देठाशी हिरवं आणि पोटाशी पिवळं, असं असताना ते गाडीत चढलं पाहिजे. यंत्रं होती, काटे होते, पण मी दाराला कान लावायचो. केळी बोलतात. फार नाही, कामापुरतं. एकदा वीज गेली असताना मी अंधारात आठशे घडांपैकी कुठला कच्चा राहिलाय ते नुसत्या वासावर सांगितलं होतं, आणि तो घड ओशाळला होता. मुकादमला हे नाव तिथेच मिळालं. सात वर्षांची असताना मी तिला गोदामात नेलं, तर ती कमरेवर हात ठेवून हमालांच्या वाटेत उभी राहिली आणि दांडग्या दांडग्या माणसांना म्हणाली, उचला. त्यांनी उचललं. मग म्हणाली, ठेवा. त्यांनी ठेवलं. त्या दिवशी अर्धा माल दोनदा चढला आणि दोनदा उतरला, पण कुणी तक्रार केली नाही.

तेव्हा मी बायकोला समजावलं की व्याजदर हे फळ आहे. सध्या कच्चं आहे. वर्तमानपत्रात येतंय की ते चढणार आहे. आज घेतलं तर चाळीस वर्षं आपली मुकादम तुरट खात बसेल. बायको म्हणाली, तुम्हाला केळ्यातलं कळतं, हे कागद आहेत. मी म्हणालो, कागदही झाडाचाच होतो. या वाक्यावर मी स्वतःच खूश झालो आणि दोन दिवस तेच भेटेल त्याला ऐकवत राहिलो.

सरकार हे रोखे सारखे विकत नाही. मधून मधून लिलाव असतो, आदल्या दिवशी दुपारपर्यंत बँकेत अर्ज द्यायचा, दुसऱ्या दिवशी जो दर ठरेल तो तुमचा. अर्जाचा दिवस आला की मी दाढी करून जायचो. सर्दी गेल्यावर ती कारकून बाई फारच समजूतदार निघाली. तिने मला फळीचा खेळ समजावला: मुलं बागेत फळीच्या दोन टोकांना बसतात तसं व्याज एका टोकाला आणि जुन्या रोख्याचा भाव दुसऱ्या टोकाला, एक वर गेलं की दुसरं खाली. पण काका, ती म्हणाली, तुम्हाला ते विकायचेच नाहीत, तर तुम्ही फळीवर कशाला बसता? मी म्हणालो, बघायला. तिने हसून अर्ज परत खणात ठेवला. पुढच्या वेळी मला येताना बघूनच तिने विचारलं, आज पण नाही ना? मी म्हणालो, आज थोडा रंग धरलाय, पण देठ अजून हिरवा आहे. मी तिच्या समोरच्या बाकावर बसायचो, थंड पाणी प्यायचो, लोक किती वर्षांसाठी काय ठेवतायत ते ऐकायचो. एक मनुष्य बायकोशी भांडून रागाने पाच वर्षांची ठेव करून गेला. राग पाच वर्षं टिकेल याची त्याला खात्री असावी. मला त्याचा हेवा वाटला.

थांबण्याचं आमच्या घराण्याला वावडं नाही, उलट नाद आहे. माझ्या आजोबांना घोडा घ्यायचा होता. भाव उतरू दे म्हणून ते थांबले. रोज संध्याकाळी तबेल्यात जाऊन त्याचे दात बघायचे. वर्षं गेली, दोघांचेही दात पडले. शेवटी शेवटी आजोबांना चालवेना, तेव्हा तो घोडाच रोज संध्याकाळी यांना बघायला घरी यायचा, आणि तोही यांच्या तोंडात बघायचा. खोटं वाटत असेल तर सोडून द्या. पण थांबण्यात एक ऊब असते, हे मला त्या दिवसांत कळायला लागलं. जोवर घोडा विकत घेतलेला नाही, तोवर तो म्हातारा होत असला तरी त्याचं आपल्याशी काही नक्की ठरलेलं नसतं. संध्याकाळी मुकादम कामावरून यायची. ती तिच्यासारख्या मुलांच्या एका केंद्रात कागदी पिशव्यांना दोऱ्या चिकटवते आणि चिकटवून झाल्यावर प्रत्येक पिशवीत वीट ठेवून उचलून बघते. बाकीची मुलं दहातली एक पिशवी तपासतात, ही दहाच्या दहा. येताच ती चपला जागेवर ठेवायची, माझ्या चपला जागेवर ठेवायची, आणि विचारायची, कागद घेतला? मी म्हणायचो, नाही. ती म्हणायची, बरं. त्या "बरं"मध्ये इतकी जागा असायची की मी त्यात पाय पसरून झोपू शकलो असतो.

आणि व्याज खरंच चढलं. मी म्हटलं होतं तसं, लिलावागणिक थोडं थोडं. मी घरभर ऐटीत फिरायला लागलो. बायको म्हणाली, चढलं ना, मग आता घ्या. मी म्हणालो, अजून चढेल. सगळेच म्हणत होते अजून चढेल. जेव्हा सगळे म्हणतात तेव्हा दार उघडायचं असतं, हे मी गोदामात नव्या पोरांना शिकवत आलो होतो. तरी मी उघडलं नाही. एका सकाळी वर्तमानपत्र उघडलं तर व्याज उतरलेलं. मग आणखी उतरलं. पिकून, ठिपके पडून, गळून गेलं, माझ्या डोळ्यांदेखत. मी पेपर घडी करून ठेवला, उठलो, कुंडीतल्या झाडांना पाणी घातलं. बायको दारात उभी होती. बराच वेळ उभी असावी.

"व्याज पडलं आणि तुम्ही शीळ घालताय," ती म्हणाली.

मी म्हणालो, कुठे घालतोय. पण घालत होतो. ओठ अजून गोल होते. ती रागावली असती तर सोपं होतं. ती माझ्याजवळ आली, माझ्या हातातली झारी घेतली, कारण कुंडीतून पाणी जमिनीवर वाहत होतं, आणि फडकं आणायला आत गेली. मी तिथेच उभा राहिलो. हे अंगावरून ओझं उतरल्यासारखं काय वाटतंय? नुकसान झालं तर माणसाच्या पोटात खड्डा पडतो. माझ्या पोटात भूक होती, चांगली, पोरासारखी भूक. मला आठवलं, शाळेत परीक्षेच्या दिवशी पूल वाहून गेला होता आणि आम्ही सगळे काठावर उभे राहून किती वाईट झालं असं तोंड करून आनंदाने ओरडत होतो. तसं. व्याज खाली आलं म्हणजे आता पुन्हा चढेपर्यंत थांबायला हवं. म्हणजे एक वर्ष तरी. एक वर्ष मला करता येतं. एका वर्षात मुकादम अडतीसची एकोणचाळीस होते, तिची आई तिचे केस विंचरते, मी तिच्या बुटांची नाडी बांधतो, जी तिला स्वतःला बांधता येते पण ती मला बांधू देते. एका वर्षाच्या टोकाला आम्ही तिघं दिसतो. चाळीस वर्षांच्या टोकाला एकच माणूस उभं होतं. मी ते कधी डोळे उघडून बघितलंच नव्हतं. आता झारी नसलेल्या हातांनी बघायचा प्रयत्न केला. बँकेचं दार. एक बाई. अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिचं तोंड मला करता येईना. आमच्याकडच्या म्हाताऱ्या एकेक करून आठवल्या, माझी आई, मावशी, सासूबाई, आणि त्यांच्या सुरकुत्या घेऊन मुकादमला लावून बघितल्या, पण तिच्या गालावर त्या टिकेनात, ती सात वर्षांची होऊन कमरेवर हात ठेवायची. डॉक्टरांनी खिडकीबाहेर बघून आम्हाला जे दिलं नव्हतं ते मी मागितलंही नव्हतं. मला माझी मुलगी म्हातारी झालेली दिसत नव्हती. आणि जी दिसत नाही तिच्यासाठी कागद कसा घ्यायचा?

त्या पुढच्या आठवड्यात केंद्रातल्या बाईंचा फोन आला. त्या हळू बोलत होत्या. मुकादमच्या पिशव्यांच्या दोऱ्या हल्ली वाकड्या लागतात. एक वर, एक खाली. वीट ठेवली की पिशवी कलंडते, मग ती पुन्हा काढते, पुन्हा लावते, पुन्हा वाकडी. काल ती पिशवी मांडीवर घेऊन नुसती बसून राहिली. एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या, बाई म्हणाल्या, आणि फोन ठेवायच्या आधी थांबल्या. त्या थांबण्याचा अर्थ आम्हा दोघांना माहीत होता. तिच्यासारख्यांना म्हातारपण लवकर गाठतं. पस्तिशी-चाळिशीतच एकेक गोष्ट हातातून निसटायला लागते, आधी कामाची ठेवण, मग रस्ते, मग माणसं. केंद्रातला एक उंच मुलगा असाच गेला. तो आधी बटणं लावायला विसरला होता. बायकोने त्या दिवशी मुकादमला चार वेळा हाक मारली, उगाच, आणि चारही वेळा मुकादम आली आणि म्हणाली, काय? मी तिला गोदामातल्या त्या दिवसाबद्दल विचारलं. तिला आठवत होतं. मी खोटं खोटं म्हणालो की तू म्हणालीस ठेवा आणि मग उचला. ती म्हणाली, आधी उचला. मी आत जाऊन तोंड धुतलं. व्याज, भाव, फळी, देठ, सगळं कुठल्या कुठे गेलं होतं. मला फक्त चाळीस वर्षं हवी होती. काल-परवापर्यंत जी नको नको म्हणून मी शीळ घालत होतो तीच मला आता हवी होती, अख्खी, एकही कमी नको, आणि ती कुठल्या खिडकीवर मिळतात ते मला ठाऊक नव्हतं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि खिडकीकडे पाठ करून बसत. त्यांनी मुकादमला प्रश्न विचारले, चित्रं ओळखायला लावली, आकडे उलटे म्हणायला लावले. मुकादमने म्हटले आणि मग बाईंनाही म्हणायला लावले. बाई अडखळल्या. मग त्यांनी तिच्या हातात सुई आणि दोरा दिला. मुकादमने सुई लांब धरली. आणखी लांब धरली. हात संपला तेव्हा मान मागे नेली. डॉक्टरीणबाईंनी आमच्याकडे बघितलं आणि त्यांना हसू आवरेना. डोक्याचं काही नाही, त्या म्हणाल्या, जवळचं दिसत नाहीये हो तिला. खालच्या चष्म्याच्या दुकानात जा.

चष्मेवाला जाडगेला, पुटपुटत काम करणारा माणूस होता. त्याने मुकादमच्या नाकावर लोखंडी सांगाडा ठेवला, एक काच घातली, काढली, दुसरी घातली, आणि बारीक अक्षरांची पाटी पुढे धरली. मुकादमने वाचली. बायकोने माझा दंड धरला. नंबर कशामुळे आला असेल, असं तिने विचारलं. चष्मेवाला काचा पुसता पुसता म्हणाला, "वयाचा आहे. वय झालं की येतो." जगात कुणी आमच्या मुलीबद्दल इतकं सुंदर बोललं नव्हतं. वय झालं. हृदय नाही, जन्म नाही, नशीब नाही. वय, जसं चष्मेवाल्याचं झालं होतं, माझं, रस्त्यावरच्या कुणाचंही. तो नंबर तयार चष्म्यांच्या तबकातच होता. मुकादमने तबक आपल्याकडे ओढलं, सहा-सात लावून नाकारले, आणि एक काळ्या काठाचा निवडला. तो नाकावर खाली घसरला. तिने हनुवटी आत घेतली, चष्म्यावरून आमच्याकडे बघितलं, आधी आईकडे, मग माझ्याकडे, माझ्या शर्टाचं वरचं बटण उघडं होतं तिथे तिची नजर थांबली, आणि तिच्या कपाळाला एक आठी पडली.

ती आली होती. मी तिला ओळखलं. आरशांनी भरलेल्या त्या दुकानात, दुपारच्या उजेडात, ती म्हातारी माझ्यापुढे बसली होती: जाड, ठेंगणी, नाकावर चष्मा, कुणाचंही एक न ऐकणारी, दिवसाला दहा माणसांना तोंड झाका आणि बटण लावा म्हणून सांगणारी. तिचे गुडघे दुखत असणार. ती गुडघ्यांनाही रागावत असणार. शेजारच्या खोलीतल्या बायका तिला थोड्या भीत असणार आणि तिच्यावाचून जेवायला बसत नसणार. मला ती इतकी आवडली की काय सांगू. आणि मला कळलं की तिची-माझी भेट एवढीच, या तबकापाशी, आता ती चष्मा काढेल की संपली. गोदामातून गाडी सुटली की केळं कोण खातं ते पिकवणाऱ्याला कधी दिसत नाही. तीस वर्षांत त्याचं मला कधी काही वाटलं नाही. आज वाटलं. त्या म्हातारीशेजारी बसून तिची बोलणी खायला मला फार आवडलं असतं. मी शर्टाचं बटण लावलं. ती म्हणाली, "हं."

दुकानातून बाहेर पडलो तेव्हा बायको घराकडे वळली आणि मी बँकेकडे. दोन पावलांनी तिला कळलं. ती माझ्या बाजूला आली. दुसऱ्या दिवशी लिलाव होता हे मला ठाऊक नव्हतं, तिला होतं.

कारकून बाई खिडकी बंद करायच्या बेतात होती. आज पण नाही ना, असं म्हणायला तिने तोंड उघडलं आणि आम्हा तिघांना बघून मिटलं. खणातून अर्ज काढला. व्याज खूप खाली आहे, काका, ती प्रामाणिकपणे म्हणाली, मागे घेतले असतेत तर बरं झालं असतं. थांबायचं असेल तर... मी म्हणालो, उद्या काय ठरेल ते ठरू दे. मुकादमच्या नावाने, पालक म्हणून मी, माझ्यानंतर तिची आई, आईनंतर बायकोची भाची, जी परिचारिका आहे आणि जिला मुकादम घाबरत नाही. भाचीची संमती आहे का, बाईने विचारलं. बायको म्हणाली, आहे. तेही मला ठाऊक नव्हतं. बाईने खाली मुदत संपायची तारीख लिहिली. चाळीस वर्षांनंतरचं साल मी पहिल्यांदाच हाताने लिहिलेलं बघत होतो. ते इतर सालांसारखंच होतं. मुकादमने नवीन चष्म्यातून ती तारीख बोट ठेवून वाचली आणि विचारलं की त्या दिवशी काय आहे. मी म्हणालो, त्या दिवशी इथे यायचं, पैसे परत घ्यायचे.

"तू येणार?" ती म्हणाली. ती बँकेच्या मोठ्या साहेबालाही तूच म्हणते.

माझ्याकडे उत्तरं कमी नाहीत. ज्या माणसाच्या आजोबांना घोडा भेटायला यायचा त्याला या वेळी काहीतरी सुचायला हवं होतं. बायको तिकडे तोंड करून पर्समध्ये काही शोधत होती. मी म्हणालो, येईन की. न यायला काय झालं. जरा उशीरबिशीर झाला तर...

"उशीर केलास तर मी घरी जाईन," मुकादम म्हणाली. "किल्ली आहे माझ्याकडे." आणि तिने गळ्यातली दोरी ओढून झग्याच्या आतून आमच्या घराची किल्ली बाहेर काढली, मला दाखवली, बाईलाही दाखवली, आणि परत आत टाकली. किल्ली नवी नव्हती. दोरी मळलेली होती. ती हिच्या गळ्यात कधीपासून आहे, ही दार कधीपासून उघडते आहे, कितीदा रिकाम्या घरात शिरून तिने आपल्या चपला जागेवर ठेवल्या असतील, मला काहीच ठाऊक नव्हतं.

"हिला किल्ली कधी दिलीस?" मी बायकोला विचारलं.

"तुम्ही व्याज बघत होतात तेव्हा," ती म्हणाली.

कारकून बाईने पेन माझ्यापुढे धरलं. मुकादमने ते मधेच घेतलं, टोपण काढून मागे लावलं, आणि मग मला दिलं.